तिसरा व्हॉल्व्ह

प्रिय ओरन,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. ज्यांना जायचं होतं ते जानेवारीतच गेले. फोन करता आला असता. युनाने मला त्या चपट्या फोनवर तुझं तोंड कसं आणायचं तेही शिकवलंय. पण फोनवर तू नुसतं हं हं करतोस, मी पाऊस किती पडला ते सांगते, तू तिथे विनिपेगला बर्फ किती पडला ते सांगतोस, आणि मग दोघांनाही एकदमच काम आठवतं. मला तुला एक विचारायचंय. तू या घरात पुन्हा पाऊल टाकणार की नाही, एवढंच मला हवंय, पण तसं सरळ विचारलं की तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. "बघू गं आई." म्हणून माझा प्रश्न शेवटी येईल आणि वेगळ्या कपड्यांत येईल. तोवर नीट वाच, बापासारखा मधेच चहा टाकायला उठू नकोस.

घरचं म्हणशील तर सगळं ठीक. बटाटे यंदा बरे निघाले. शेजारच्या नोरीनने नवा खुबा बसवून घेतला आणि आता ती माझ्या आधी चर्चला पोचते आणि मला उशीर झाला म्हणून फादरसमोर घड्याळाकडे बघते. मांजर आहे, म्हातारी झालीय, उंदीर समोरून गेला तरी मान वळवत नाही. मलाकी अधूनमधून येतो. बाबांशी त्याने जन्मभर बॉयलर-नळांच्या धंद्यात वैर केलं आणि जन्मभर मंगळवारी त्यांच्याबरोबर पत्ते खेळला. आता तो मंगळवारी येऊन माझ्याबरोबर हरतो. मुद्दाम हरतो, मला कळतं, पण मी बोलत नाही.

परवा तो बॉयलर बघायला आला होता. हिवाळ्याआधी बघून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्या थंडीत सगळी पॅरिश, आपल्या चर्चखालचं घरन् घर, एकाच सकाळी फोन करते. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, आणि म्हणून हे पत्र.

तुला शिकवायला नको, पण मला लिहायचंय म्हणून लिहिते. आपल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, चादरी-टॉवेलांच्या मागे, ते तीन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी बसलेत. खाली पितळी अंग, वर पत्र्याच्या डबीसारखं डोकं. एक टाकीतल्या पाण्याचा, एक घराचा, आणि तिसरा टोकाच्या खोलीचा. ज्याला ऊब हवी त्याच्या भिंतीवरची चकती फिरवायची, की डबीतली मोटर गुरगुरते, आतलं झाकण बाजूला होतं, आणि पुरतं बाजूला झालं की मगच बॉयलरला निरोप जातो, बाबा रे, पेट आता. नको झालं की स्प्रिंग झाकण परत ओढून घेते. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात बाबांनी मला हे जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी आणि तीन कप मांडून समजावलं होतं. मी म्हटलं, एवढ्या थाटामाटाने कुणी मला मागणीसुद्धा घातली नव्हती. आणि त्या डबीच्या कुशीतली ती इवलीशी दांडी तुला आठवत असेलच. मोटर मेली की दांडी सरकवून खाचेत अडकवायची, व्हॉल्व्ह हातानेच उघडा राहतो. तशा उघड्या व्हॉल्व्हसाठी बॉयलर पेटत नाही, पण घरासाठी पेटला की गरम पाणी गुपचूप तिकडेही जातं. हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. टेबलावरच्या कपांमध्ये ते आलं नव्हतं.

आणि बाबांचे ते उन्हाळ्यातले रविवार आठव. चर्चहून आलं की कोट न काढताच चकत्या फिरवायच्या, जुलैत घर भट्टी करायची. का, तर व्हॉल्व्ह चालता ठेवला नाही तर जाम होतो. मी खिडक्या उघडत त्यांच्या नावाने खडे फोडायची, तू आणि युना, दोघं भावंडं बनियनवर जेवायचात. पॅरिशमध्ये ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन हेच सांगायचे, महिन्यातून एकदा फिरव रे बाबा, नाहीतर थंडीत मला बोलावशील आणि मी येणार नाही. जायचे मात्र. कुणाच्याही घरी जायचे.

टोकाची खोली त्यांनी तुझ्यासाठी बांधली, तू शाळा सोडून त्यांच्या गाडीत बसून कामाला जायला लागलास तेव्हा. स्वतंत्र दार, स्वतंत्र चकती, आणि फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या. पॅरिशमधली ती पहिली गरम फरशी. फादर बूट काढून, मोजे काढून उभे राहिले होते त्यावर, आणि म्हणाले होते की प्रवचन इथेच ठेवायला हवं. बाबा महिनाभर मान ताठ करून हिंडले. पोरगा कधी लग्न करेल, बायको कशी असेल, तिला घरातल्या म्हातारीची कटकट नको, असं मला ऐकवत ते नळ्या अंथरत होते. म्हातारी म्हणजे मी.

मग तो दिवस. तू तो विसरला नाहीस आणि मीही नाही, पण आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. मिसेस कॉनरींच्या घरी तू नुसती डबी बदलायची तर अख्खा व्हॉल्व्ह उतरवायला गेलास, पाणी उपसायला लागलं, आणि ते काळं पाणी त्यांच्या दिवाणखान्याच्या गालिच्यावर गेलं. झालं गेलं. कुणाच्या हातून होत नाही? पण तुझ्या बापाला गोष्ट सांगायची हौस. उचलली जीभ लावली टाळ्याला. पबमध्ये सांगितली, मेंढ्यांच्या बाजारात सांगितली, आणि प्रत्येक वेळी गालिचा वाढत गेला. पोरं तुला "उपश्या" म्हणायला लागली. चर्चच्या दारात विचारायची, आज कुणाची विहीर उपसलीस रे? इथे माणसं एकमेकांना चिडवतात ते प्रेमानेच, हे मला मान्य आहे. पण प्रेमाने का होईना, रोज तीच जागा खाजवली की रक्त येतं. तू त्यांना सांगितलंस, बाबा, आता बस. ते हो म्हणाले. आणि युनाच्या साखरपुड्याच्या जेवणाला, तिच्या सासरच्या माणसांसमोर, मटण वाढता वाढता पुन्हा सुरू झाले.

तू उठलास. आवाजही चढवला नाहीस. "मी परत तुमच्या उबेत झोपणार नाही," म्हणालास, आणि गेलास. मी बाबांकडे बघत होते. ते उठून गेले असते तुझ्यामागे, अजून माझी खात्री आहे, पण टेबलाभोवती माणसं होती. माणसं होती म्हणून ते टोकाच्या खोलीकडे गेले, सगळ्यांना दिसेल अशी चकती शून्यावर फिरवली आणि म्हणाले, "नाही ना झोपायचं? मग त्या खोलीला ऊब कशाला?" सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. नंतर टाकीच्या कपाटाशी बराच वेळ खुडबुडत होते. परत आले ते खांद्यावर टॉवेल घेऊन. तो माझा पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल होता, त्यावरून मी वेगळी बोलले. सगळा राग मी त्या टॉवेलावर काढला.

पुढे तू कॅनडाला गेलास. बाबांनी ती गालिच्याची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. दुसऱ्या कुणी पबमध्ये काढली तर ते ग्लास अर्धा ठेवून टोपी घालायचे. हे मला मलाकीने सांगितलं, बाबांनी नाही. तुझं नाव घरात मी काढायची, ते ऐकायचे, आणि मग विचारायचे, तिकडे ते लोक गरम हवेवर घरं तापवतात ना? पाण्यावर नाही? म्हणजे काय म्हणायचं होतं देव जाणे. मी म्हणायची, फोन लावून देते, विचार त्यालाच. मग त्यांना गुरं बघायची असायची. गुरं विकून वर्षं झाली होती.

चकती शून्यावरच होती. मी खोली झाडायला जायची तेव्हा बघायची, आणि मला भारी संताप यायचा. तरी खोली कधी ओलसर झाली नाही. तुझ्या पुस्तकांना बुरशी नाही, पांघरुणाला वास नाही. मांजर सारखी त्या दाराशी, आत सोडलं की फरशीवर पोट टेकून झोपायची. मी एकदा म्हटलं, बार्टली, या खोलीत थंडी का नाही रे? तर म्हणाले, भिंत दक्षिणेकडे आहे, ऊन खाते. ओरन, आपल्याकडचं ऊन! भिंत सोड, इथे माणसाला खायला मिळत नाही. पण मी मान डोलावली. घरच्या माणसाचं कोण तपासत बसतं?

आता जानेवारीचं सांगते. बूट घालता घालता गेले, ते तुला युनाने सांगितलंय. चर्चमधली त्यांची शेवटची प्रार्थना तू तिथूनच त्या पॅरिशच्या कॅमेऱ्यावर पाहिलीस, तेही तिने सांगितलं. विमानतळ बर्फाने बंद होता असं तू कळवलंस. मी सगळ्यांना तेच सांगितलं, चांगलं ठणकावून सांगितलं, आणि नोरीनने भुवई वर केली तर तिलाही गप्प केलं. मला स्वतःला ते पटलं की नाही ते विचारू नकोस. पण कॅमेऱ्यात चर्च दिसतं, घर दिसत नाही. आदल्या दिवशी घरी काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मीच युनाला म्हटलं, ते मी सांगेन.

गेलेल्या माणसाला दर्शनाला ठेवतात त्या खोलीत ऊब चालत नाही. हे तुला ठाऊक, तू लहानपणी बाबांबरोबर किती घरांत गेलायस. गावात कुणी गेलं की पहिला फोन फादरना, दुसरा शवपेटीवाल्या गिलनला, आणि तिसरा बाबांना. ते जायचे, त्या खोलीची ऊब तोडून द्यायचे, मृताच्या कपाळाला हात लावायचे आणि एक घोट घेऊन यायचे. त्या दिवशी तिसरा फोन कुणाला करायचा हेच कळेना. गिलनने विचारलं, कुठली खोली? मी क्षणभरही विचार केला नाही. टोकाची, म्हटलं. तिला स्वतंत्र दार आहे, माणसं एकीकडून येतील, दुसरीकडून स्वयंपाकघरात चहाला जातील. आणि तिची चकती कित्येक हिवाळे शून्यावर आहे, तिथली ऊब तोडायला कुणाला बोलवायलाच नको.

तर बाबांना तुझ्या खोलीत ठेवलं. निळा सूट, हातात जपमाळ. आणि माणसांची रीघ लागणार म्हणून घराची चकती मी सकाळपासून पुरी फिरवून ठेवली. एरवी आम्ही संध्याकाळी थोडा वेळच लावायचो, त्या दिवशी दिवसभर. दुपारी उशिरा खोली माणसांनी भरली, जप सुरू झाला, आणि बघते तर गिलन कॉलर सैल करतोय. मग पाहिलं तर मेणबत्त्या वाकायला लागलेल्या. आणि मांजर, जिला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही म्हणून मी दोनदा हाकलली होती, ती शवपेटीच्या खाली चारी पाय ताणून झोपलेली. नोरीन माझ्या कानाशी लागली. "अट्रॅक्टा, तुझ्या नवऱ्याखाली उन्हाळा आलाय गं." काय बिघडलं ते कळेना, आणि आयुष्यभर ज्यांना विचारलं ते समोर डोळे मिटून पडलेले.

मलाकी उठला. चकतीपाशी गेला, ती शून्यावर. खाली बसून फरशीला तळवा लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, कपाट रिकामं कर. मी चादरी काढल्या, टॉवेल काढले, त्याने बॅटरी मारली. मी म्हटलं, बिघडलाय का? तर मान न वळवता म्हणाला, "बिघडला नाही, अट्रॅक्टा. उघडा ठेवलाय."

दांडी खाचेत होती. आणि खाचेतून निसटू नये म्हणून गवताच्या भाऱ्याच्या निळ्या सुतळीने बांधलेली होती, बाबांच्या त्या आडव्या गाठीने. सुतळी पार विटलेली. मी ती बघितली आणि मला तो टॉवेल आठवला. माझा पाहुण्यांचा टॉवेल. तो हात पुसायला घेतलेला नव्हता, ओरन, मागच्या दांडीपर्यंत पोचायला कपाटातून काढलेला होता. टेबलाभोवती माणसं अजून मटण खात होती, तू अजून बसस्टॉपवर असशील, आणि त्यांनी सगळ्यांसमोर चकती शून्यावर फिरवून लगेच कपाटात जाऊन दांडी बांधून ठेवली होती. शब्द भिंतीवर पाळला आणि कपाटात मोडला. त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरासाठी ऊब लावली की ती तुझ्या खोलीतही जायची, आणि ते खुर्चीत बसून पेपर वाचत असायचे.

मी तिथेच टॉवेलांच्या ढिगावर बसले आणि रडले. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडले, आणि तेही दुःखाने कमी आणि रागाने जास्त. एवढं प्रेम करायचं आणि बायकोलासुद्धा कळू द्यायचं नाही, ही कुठली रीत? मलाकीने सुतळी कापली, दांडी खाचेतून सोडली. हलली नाही. स्प्रिंगने ओढून घ्यायला हवी होती, पण झाकण आत जाम झालेलं. बाकीचे दोन ते उन्हाळ्यात फिरवायचे. हा तिसरा कसा फिरवणार? त्यासाठी ती चकती शून्यावरून हलवावी लागली असती, माझ्यासमोर. ते त्यांच्याच्याने झालं नाही. गावभर सांगत हिंडले, चालता ठेवा, नाहीतर अडकेल. स्वतःच्या घरी दिव्याखाली अंधार.

मग काय, बॉयलरच बंद करावा लागला. खिडक्या उघडल्या, वाऱ्याने मेणबत्त्या विझल्या, आणि ज्याने सगळ्या पॅरिशला ऊब पुरवली त्याच्या घरी सगळी पॅरिश कोट घालून, नाकं लाल करून बसली. जप म्हणताना तोंडातून वाफा निघत होत्या. मलाकी म्हणाला, बार्टली मला शेवटच्या दिवशीही काम लावून गेला. सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता मला वाटलं, हे सगळं बघायला तू हवा होतास. तूच हवा होतास.

राहिलेला हिवाळा मी तो व्हॉल्व्ह तसाच उघडा ठेवला. नाहीतरी बंद होतच नव्हता. संध्याकाळी विणकाम घेऊन तुझ्या खोलीत बसायची, मोजे काढून, पाय फरशीवर टेकून. मांजर आणि मी. तुझ्या बापाला कधी एवढ्या जवळून ओळखलं नव्हतं मी.

तर आता प्रश्न. मलाकी महिनाअखेरच्या शुक्रवारी येतोय. म्हणतो, तो तिसरा आता असा ठेवून चालणार नाही, अंगच जाम झालंय, नुसती डबी बदलून भागणार नाही. पाणी उपसावंच लागेल. हो, उपसावं लागेल, वाच ते पुन्हा. हसू नकोस. त्याने मला विचारलं, "अट्रॅक्टा, तिथे नवा बसवू की नळीचं तोंडच बंद करून टाकू? तू एकटी, त्या खोलीला ऊब कुणासाठी?" मी म्हटलं, ते मला ठरवता येणार नाही, विचारून सांगते. म्हणून लिहिलंय हे सगळं. तू रागावलास ते खरं होतं आणि मी ते कधी खोटं म्हणणार नाही. ते चुकले, आणि चुकलो म्हणायला त्यांना जीभ नव्हती, सुतळी होती. आता तू सांग. बंद कर म्हणालास तर बंद करून घेईन, तुला बोल लावणार नाही, मांजरीला चुलीपाशी गोधडी घालेन. नवा बसव म्हणालास तर तसं. फक्त युनाकडून निरोप धाडू नकोस, तुझ्या तोंडाने सांग. आणि एक. भिंतीवरची ती चकती अजून शून्यावरच आहे, त्यांनी फिरवली तिथेच. मलाकी फिरवायला गेला होता, मी त्याच्या हातावर चापट मारली. नवा व्हॉल्व्ह बसला तरी ती मी फिरवणार नाही आणि दुसऱ्या कुणाला फिरवू देणार नाही. ती तुझ्यासाठी ठेवलीय.

अनवाणी पायांनी वाट बघणारी,
तुझीच
आई